एकच बदली चुकली

नाशिकमध्ये फुटबॉलचा चाहता शोधायचा तर सामना चालू असताना शोधू नये. तेव्हा तो चारचौघांसारखाच टीव्हीसमोर बसलेला असतो. संघ हरल्यावर, दुसऱ्या दिवशी मिसळीच्या टेबलावर तो ओळखू येतो. तिथे रश्श्याची वाटी गोलरक्षक होते, पावाच्या लाद्या बचावफळीत उभ्या राहतात, लिंबाची फोड सुनील छेत्री म्हणून पुढे एकटीच पाठवली जाते आणि पापड मोडून त्याची ऑस्ट्रेलिया केली जाते. रस्सा निवतो, पण फॉर्मेशन काही ठरत नाही. 13 जानेवारी 2024 ला आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलियाकडून 2-0 हरला तो शनिवार होता, हे या जमातीचं भाग्यच म्हणायचं. रविवारची सकाळ आयतीच हाती आली.

या माणसाला कितीही मोठ्या पराभवाचं कारण विचारा, ते एका बदलीएवढंच निघतं. त्या दिवशी फिफाच्या यादीत ऑस्ट्रेलिया 25वी होती आणि भारत 102वा. मधल्या सत्त्याहत्तर पायऱ्या हा गृहस्थ एका वाक्यात ओलांडतो: ‘मध्यंतराला एक ताज्या दमाचा मिडफिल्डर आणला असता तर...’ पुरावा त्याच्याकडे असतोच, आणि तो खोटाही नसतो. मध्यंतरापर्यंत 0-0 होतं. छेत्रीचं एक हेडर थोडक्यात बाहेर गेलं होतं. पन्नासाव्या मिनिटाला आपला गोलरक्षक गुरप्रीतच्या हातून सुटलेला चेंडू नेमका जॅक्सन अर्विनच्या पायाशी पडला. दुसरा गोल तर जॉर्डन बॉसनं मैदानात पाऊल ठेवल्या-ठेवल्या केला, आणि बॉस बदली खेळाडू होता! हा शेवटचा मुद्दा मांडताना आपला चाहता टेबलावर मूठ आपटतो, त्यात छेत्री खाली पडतो. बॉससारखा खेळाडू बाकावर बसवून ठेवण्याइतकी माणसं ऑस्ट्रेलियाकडे आहेत, हा त्याच गोलाचा दुसरा अर्थ झाला. पण तो टेबलावर मांडून दाखवता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, डावपेचांनी बलाढ्य संघ रोखता येतोच की. येतो. 10 सप्टेंबर 2019 ला दोहामध्ये, छेत्री नसताना, भारतानं आशियाई विजेत्या कतारला 0-0 असं थोपवलं. चाहत्यांच्या घराण्यात हा सामना कुलदैवतासारखा पुजला जातो. मात्र पुढच्याच महिन्यात कोलकात्यात बांगलादेशाशी 1-1 करतानाही नाकी नऊ आले, बरोबरीचा गोल 88व्या मिनिटाला झाला. नव्वद मिनिटं दार अडवून धरणं योजनेनं जमतं. गोल करायचा म्हटलं की माणसं लागतात, आणि ती मध्यंतरात तयार होत नाहीत. दुसरा आक्षेप अन्यायाचा. जून 2024 मध्ये त्याच दोहात चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना कतारला गोल मिळाला आणि भारत 2-1 हरला. इथे चाहत्याचा संताप शंभर टक्के रास्त आहे. गंमत अशी की या सामन्यावर तो सर्वांत कमी बोलतो. दोष पंचांचा निघाला की प्रशिक्षक म्हणून याला कामच उरत नाही.

खरं अंतर कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं असं नाही. त्या चषकातला भारताचा अख्खा संघ देशातच खेळणारा होता. अर्विन जर्मनीत खेळत होता, बॉस बेल्जियममध्ये. ज्या शहरात ‘मैदान’ म्हटलं की गोल्फ क्लबवरची खेळपट्टी आणि रणजी सामना आठवतो, आणि फुटबॉल रात्री तासाच्या भाड्यानं टर्फवर, पाचपाच जणांत खेळला जातो, तिथल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. पण मुलांच्या स्पर्धा, मैदानं, शाळेतले तास यांवर बोलायचं तर पंधरा वर्षांचा हिशेब मांडावा लागतो आणि बिल येईपर्यंत तो पुरा होत नाही. बदली कशी, ताबडतोब करता येते. त्याला भाबडा म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतले निम्मे ‘आपल्याकडे फुटबॉल होणारच नाही’ म्हणून रविवारची झोप पुरी करतात. मला त्यांच्यापेक्षा हा परवडला. सत्त्याहत्तर पायऱ्या एका उडीत चढू पाहणारा निदान जिन्यापाशी तरी उभा असतो.

ऑस्ट्रेलियाच्या सामन्यानंतर पाच दिवसांनी उझबेकिस्ताननं चौथ्याच मिनिटाला पहिला गोल केला आणि मध्यंतरापर्यंत 3-0 करून टाकलं. सीरियाकडूनही 1-0 हार. तीन सामन्यांत भारतानं सहा गोल खाल्ले, एकही केला नाही. चाहत्याच्या हिशेबानं सामन्यामागे एक, अशा एकूण तीनच बदल्या चुकल्या. नियमानं प्रत्येक सामन्यात पाच मिळत होत्या.