अर्ध्या डोक्याची गोष्ट

"काय हो वहिनी, डोक्याला फडकं? पुन्हा अर्धशिशी उठली वाटतं! बसा पायरीवर, मी गडग्यापलीकडूनच हळू बोलते. सुंठ उगाळून लावलीत ना? मग झालं.

तुमची लेक काल म्हणत होती, 'आईला मायग्रेन झालंय.' मी म्हटलं, अगं, ते तरी कुठे वेगळं! दुसऱ्या शतकातला गेलन नावाचा ग्रीक वैद्य ह्या दुखण्याला 'हेमिक्रानिया' म्हणायचा. हेमि म्हणजे अर्धं, क्रानियन म्हणजे कवटी. आपली अर्धशिशीच की! फ्रेंचांच्या तोंडी पुढचा 'हे' गळाला, मिग्रेन उरलं. ते इंग्लंडात उतरलं आणि तिथे त्याचं झालं 'मीग्रिम'. आपण नाही का स्टेशनचं ठेसन केलं!

पण इंग्रजांनी त्या शब्दाचे हाल केले हो. आधी डोकेदुखी, मग घेरी, मग लहर, मग उदासी. कुणी तोंड पाडून बसलं की म्हणायचे, मीग्रिम्स आलेत. घोडा भेलकांडला तरी मीग्रिम्सच! म्हणजे जिचं खरोखर डोकं फुटतंय ती बाई आणि रुसलेली बाई एकाच शब्दात कोंबल्या. मग कोण विश्वास ठेवणार? …हळू बोला, सासूबाई मागच्या दारी आहेत.

एका डॉक्टराने मात्र त्या शब्दाची लाज राखली. एडवर्ड लिव्हिंग. 1873 साली त्याने मीग्रिमवर भला थोरला ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं, हे मज्जातंतूंमधलं वादळ. वादळच ना? उलटी झाली की ओसरतं, तुमचंही तसंच. एवढं करून शब्द काही टिकला नाही. इंग्रजांनी फ्रेंचांकडून मायग्रेन पुन्हा नव्याने उचललं.

हो, मीग्रिम नावाचा मासाही आहे तिकडे, आपल्या लेपासारखा चपटा. लेप म्हणजे मासा हो, कपाळावरचा नव्हे! त्या नावाला घरचं गिऱ्हाईक मिळेना, म्हणून 2021 साली कॉर्नवॉलच्या मच्छीमारांनी त्याचं 'कॉर्निश सोल' असं बारसं केलं.

आपली अर्धशिशी बरी बाई. कितीही जुनी झाली, तरी रुसव्याला कुणी तिचं नाव दिलं नाही. जा, खिडकी लावून पडा आता. आमटी मी पाठवते, फोडणीचा वास नको तुम्हाला."