मेथीच्या वाफ्यावरून

"काय गं, लेक सकाळीच डबा घेऊन निघाली ती? शाळेला सुट्टी ना?"

शेजारच्या काकू साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी मिसिसागाला लेकाकडे आल्यात. मेथीला पाणी घालता घालता कुंपणावरून गल्लीची सगळी हजेरी घेतात.

"नोकरी लागलीय तिला. आठ आठवड्यांची. एका संस्थेच्या उन्हाळी शिबिरात."

"सोळा वर्षांच्या पोरीला पगार देतं कोण?"

"देते संस्थाच, पण ते पैसे सरकार भरून देतं. कॅनडा समर जॉब्स म्हणतात. वय १५ ते ३०. सेवाभावी संस्था असेल तर किमान वेतनाइतके सगळे पैसे मिळू शकतात. छोट्या दुकानदाराला फार तर निम्मे."

"म्हणजे त्याला निम्म्या पैशात गडी! चांगलंय की."

"पन्नासच्या वर पूर्णवेळ माणसं असली की तो बाद. आणि अर्ज करायचा आदल्या हिवाळ्यात. शिवाय यादी खासदाराच्या नजरेखालून जाते."

"खासदार? तरीच!" काकूंनी पाइप खाली टाकला. आता मेथीचं काही खरं नव्हतं.

मग मलाही राहवेना म्हणून २०२० सालची गोष्ट काढली. करोनात पोरांना कामं नव्हती. सरकार म्हणालं, समाजसेवा करा, शंभर तासांना हजार डॉलर, जास्तीत जास्त पाच हजार. म्हणजे तासाला दहा. किमान वेतनसुद्धा नाही! आणि ही योजना चालवायला दिली वुई चॅरिटी नावाच्या संस्थेला. तिनं पंतप्रधान ट्रुडोंच्या आईला आणि भावाला भाषणांचे पैसे दिलेले, अर्थमंत्री मॉर्नोंची मुलगी तिथे कामाला.

"अगं बाई! घरचंच कार्य की."

"दोघांनी माफी मागितली, संस्था बाजूला झाली, योजना बारगळली. पुढं चौकशीत ट्रुडो सुटले, मॉर्नोंवर मात्र ठपका आला. पोरं बसली हात हलवत."

काकू जरा गप्प झाल्या. मग मुद्द्यावर आल्या. "आमच्या भाच्याला सांग की हे समर जॉब. ब्रॅम्प्टनला शिकतो, रात्री हॉटेलात भांडी घासतो."

"त्याला नाही चालत, काकू. इथला नागरिक लागतो, नाहीतर कायमचा रहिवासी, नाहीतर आसरा मिळालेला निर्वासित. विद्यार्थी व्हिसावाल्यांना नाही."

"फी तर दामदुप्पट घेतात त्याच्याकडून!"

यावर मी काय बोलणार? मेथीकडे बघितलं.

"आमचे हे साताऱ्याला शिवाजी कॉलेजात होते," काकू म्हणाल्या. "कर्मवीर अण्णांची कमवा आणि शिका. सकाळी शेतात, मग वर्गात. व्हिसा कुणी विचारला नाही. पण रोज भाकरी आणि आमटी, ते अजून आमटी बघून तोंड फिरवतात." मग एकदम, "आणि तुझी लेक करते काय गं तिथे?"

"चार-पाच वर्षांची पोरं असतात. खेळवायचं, डबे उघडून द्यायचे, नाकं पुसायची."

"नाकं पुसायचे पैसे?" काकूंनी जुडी कुंपणावरून माझ्या हातात दिली. "मी दोन पोरांची आणि चार नातवंडांची पुसली."

"वय तिशीपर्यंतच चालतं, काकू."

"माझी दोन्ही पोरं तिशीच्या आतच झाली होती. विचारून बघ."