आम्ही आधीच म्हणालो होतो

स्पेनमधल्या मुर्सिया प्रांतात एल पाल्मार नावाचं गाव आहे. ५ मे २००३ रोजी तिथे कार्लोस अल्कराझचा जन्म झाला, तेव्हा ही गोष्ट घरच्यांना आणि फार तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळली असेल, असा एक गैरसमज आहे. टेनिसच्या जाणकारांत तासभर बसून पाहा, तो दूर होईल. तिथे प्रत्येकानं अल्कराझला इतरांच्या आधी पाहिलेलं असतं. एकानं तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना कुठल्याशा चॅलेंजर स्पर्धेतला सामना मोबाइलवर पाहिला होता. दुसऱ्यानं त्याच्याही आधी, ज्युनियर गटातच त्याला हेरलं होतं. आणि सगळ्यांत उशिरा जागा झालेला तिसरा, ‘मी त्याच्या वडिलांबद्दल वाचलं होतं,’ असं म्हणून दोघांवर कडी करतो. वडील स्वतः टेनिस खेळलेले आणि क्लबातल्या टेनिसचा कारभार पाहणारे, त्यामुळे हा दावा फेटाळताही येत नाही.

हे सगळे शोधक त्या काळी तिकीट काढून खरोखरच गेले असते, तर आयोजकांना दुसरा मंडप घालावा लागला असता.

खरी पंचाईत सप्टेंबर २०२२ मध्ये झाली. एकोणीस वर्षांच्या या पोरानं न्यूयॉर्कला कॅस्पर रूडला हरवून अमेरिकन ओपन जिंकली आणि १२ सप्टेंबरला तो जागतिक क्रमवारीत पहिला आला. एटीपीची क्रमवारी १९७३ पासून निघते. तेव्हापासून एवढ्या लहान वयात कोणी पुरुष खेळाडू त्या जागेवर बसला नव्हता. आता सगळ्या जगालाच तो ठाऊक झाला म्हटल्यावर आधीपासूनच्या चाहत्यांचं काय राहिलं? मग श्रेणी ठरल्या. २०२२ च्या मे महिन्यात माद्रिदला त्यानं वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी नदालला आणि त्याच्या पुढच्या दिवशी जोकोविचला हरवलं होतं. एकाच क्ले कोर्ट स्पर्धेत त्या दोघांना लागोपाठ कोणी हरवलं नव्हतं. माद्रिदपूर्वीचे ते खानदानी, माद्रिदनंतरचे ते हौशी, आणि न्यूयॉर्कनंतर आले त्यांनी मागच्या रांगेत गुपचूप उभं राहावं.

अल्कराझ पहिला आला आणि तीनच दिवसांनी, १५ सप्टेंबरला, रॉजर फेडररनं निवृत्ती जाहीर केली. फेडररच्या भक्तांचं दुःख खरं होतं, यात शंका नाही. वीस वर्षं ज्याचा बॅकहँड पाहून ज्यांनी देवपूजा सोडली, त्यांचं दैवतच रिटायर झालं. पण घराण्याची गादी रिकामी ठेवायची नसते, एवढं व्यवहारज्ञान त्यांच्यात शिल्लक होतं. सुतक फिटायच्या आत वारस ठरला. इकडे नदालवाल्यांनी हक्क सांगितला, कारण मुलगा स्पॅनिश आहे आणि हरता चेंडू सोडत नाही. जोकोविचचे चाहते काही काळ गप्प होते. त्यांचा मालक हयात होता, जिंकतही होता आणि मृत्युपत्र करण्याचा त्याचा कसलाच विचार दिसत नव्हता.

त्यानंतर जी वाटणी झाली ती कोकणातल्या सामाईक कलमांच्या वाटणीपेक्षा चिवट होती. नेटजवळचं नाजूक काम फेडररचं, पायातली ताकद नदालची, कोपऱ्यातून घसरत येऊन चेंडू परतवणं जोकोविचचं. मग ड्रॉप शॉट कोणाचा? त्यावर मात्र तिन्ही घरं अडून बसली. २०२३ ची विम्बल्डन हरल्यावर खुद्द जोकोविचनंच सांगितलं, की या मुलात आम्हा तिघांचंही थोडं थोडं उतरलंय. मोठ्या मनानं दिलेली दाद होती ती. आपल्याकडच्या जाणकारांनी ती खरेदीखतासारखी वाचली आणि टक्केवारीवर वाद सुरू केला. त्या मुलाचं स्वतःचं काही असेल का, ही शंका एका महाविद्यालयीन मुलीनं काढून पाहिली. तिला सांगण्यात आलं, की तू लहान आहेस, तू सॅम्प्रस पाहिला नाहीस.

वारसा वाटताना थोडी सावधगिरी बाळगायला हरकत नव्हती. बल्गेरियाच्या ग्रिगोर दिमित्रोव्हला याच मंडळींनी कोवळ्या वयात ‘बेबी फेडरर’ म्हणून पाळण्यात घातलं. बिचारा तिशी ओलांडून गेला, क्रमवारीत तिसरा झाला, २०१७ ची एटीपी फायनल्स जिंकला, तरी त्याला पाळण्यातून कोणी उतरवलं नाही.

आता भाषेकडे येऊ. अल्कराझच्या चाहत्यांनी विशेषणांचा खर्च फार लवकर करून टाकला. ‘अद्भुत’, ‘अलौकिक’, ‘या ग्रहावरचा नाही’ ही नाणी कुठल्याशा दुसऱ्या फेरीच्या पहिल्या सेटमध्येच वाजवून झाली. मार्च २०२४ मध्ये इंडियन वेल्सला झ्वेरेव्हविरुद्धच्या सामन्यात मधमाश्यांचा थवा कोर्टवर उतरला, अल्कराझला कपाळावर डंख बसला, खेळ दोन तासांच्या आसपास थांबला आणि परत सुरू झाल्यावर तो जिंकला. एवढ्यावर ‘मधमाश्यांनाही गोडवा कळतो’ हे वाक्य कितीजणांनी स्वतःचं म्हणून खपवलं असेल! त्यामुळे ८ जून २०२५ ची रात्र आली, तेव्हा कोश रिकामा होता.

त्या रात्रीबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे. फ्रेंच ओपनची अंतिम लढत, समोर यानिक सिनर. सिनर दोन सेट जिंकलेला. तिसरा अल्कराझनं घेतला, पण चौथ्यात सिनर ५-३ असा पुढे आणि अल्कराझच्या सर्व्हिसवर ०-४०. तीन चॅम्पियनशिप पॉइंट. इकडे महाराष्ट्रात जेवणं उरकली होती, दुसऱ्या दिवशी सोमवार होता. यावेळी किती टीव्ही बंद झाले असतील, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. नंतर काय झालं ते सर्वश्रुत आहे: तिन्ही पॉइंट वाचले, चौथा सेट टायब्रेकवर गेला, पाचवाही गेला, त्यातला निर्णायक टायब्रेक अल्कराझनं १०-२ असा मारला आणि पाच तास एकोणतीस मिनिटांनी पॅरिसमधली सर्वांत लांबलेली अंतिम लढत संपली. आपल्याकडे तोवर बारा वाजून गेले होते.

सोमवारी सकाळी लोकलमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये, टेकडीवर, कुठेही विचारा. ०-४० ला झोपायला गेलेला एकही माणूस महाराष्ट्रात सापडला नाही. सगळे जागे होते. नुसते जागे नव्हते, निवांत होते. ‘मला माहीत होतं, तो येणार परत. त्याच्या डोळ्यांत दिसत होतं,’ असं सांगणाऱ्या गृहस्थांच्या डोळ्यांत मात्र आठ तासांची सलग झोप दिसत होती. मॅच पॉइंटची क्लिप त्यांनी दात घासताना पाहिली होती, हे त्यांच्या मुलानं फोडलं.

जे खरोखर जागे राहिले त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा त्या विजयात हातभार होता. एकजण पहिल्या दोन सेटमध्ये सोफ्यावर बसला होता, तिसऱ्यात जमिनीवर आला आणि वारं फिरलं. त्यानंतर घरातल्या कोणालाही जागा बदलायची परवानगी नव्हती. एका आजोबांना अडीच तास बाथरूमला जाऊ दिलं नाही, कारण ते मागच्या वेळी उठले आणि सर्व्हिस ब्रेक झाली. टायब्रेकमध्ये अल्कराझनं जे फोरहँड मारले त्यामागे त्या आजोबांचा संयम होता, हे फ्रेंच टेनिस महासंघाच्या नोंदीत कुठेही नाही.

पुढच्याच महिन्यात, १३ जुलैला, विम्बल्डनची अंतिम लढत सिनरनं चार सेटमध्ये जिंकली. त्या रात्री खूप लोकांना सोमवारच्या मीटिंगची आठवण झाली.

हार पचवण्याचं शास्त्रही चाहत्यांनी स्वतंत्रपणे विकसित केलेलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकन ओपनच्या दुसऱ्याच फेरीत तो नेदरलँड्सच्या बोटिक व्हॅन डे झँडशल्पकडून सरळ सेटमध्ये हरला. प्रतिस्पर्ध्याचं नाव चाहत्यांच्या जिभेवर बसेना, आणि ज्याचं नाव घेता येत नाही त्याच्याकडून झालेली हार मोजायची नाही, यावर एकमत झालं. त्याआधी त्याच महिन्यात सिनसिनाटीला गेल मॉनफिल्सविरुद्ध अल्कराझनं रॅकेट आपटून मोडली. जोकोविचनं २०२३ च्या विम्बल्डन फायनलमध्ये नेटच्या खांबावर रॅकेट फोडली होती, तेव्हा याच मंडळींनी संस्कारांवर प्रवचन दिलं होतं. यावेळी त्यांनी तारुण्यसुलभ भावनांवर दिलं. वक्ते तेच, श्रोते तेच, फक्त रॅकेटचा मालक बदलला.

पण चाहत्यांचं खरं प्रेम उफाळून येतं ते मुलाच्या वर्तणुकीच्या बाबतीत. एप्रिल २०२५ मध्ये त्याच्यावरची एक मालिका नेटफ्लिक्सवर आली. त्यात इबिझाच्या बेटावर मित्रांबरोबर केलेली मौज आहे, त्याच्या चमूची त्यावरची काळजी आहे, आणि इतिहासातला सर्वश्रेष्ठ व्हायचं तर जेवढं सोडावं लागतं तेवढं सोडायची आपली तयारी आहे का, हा त्याचा स्वतःचा संभ्रमही आहे. आपल्या इथल्या घराघरांत खळबळ माजली. सर्वश्रेष्ठ व्हायचं की नाही, हे तो ठरवणार? आम्ही ते २०२२ सालीच ठरवून टाकलं होतं! ग्रँड स्लॅमचा आकडा जोकोविचच्या चोविसाच्या पुढे कधी जाईल, याचं वर्षवार कोष्टक एका निवृत्त बँक अधिकाऱ्यानं एक्सेलमध्ये करून ठेवलं होतं. त्यात इबिझाचा रकाना नव्हता.

‘एवढं देवानं दिलंय, चार वर्षं नाचला नाही तर काय बिघडेल?’ असं एक काकू कळवळून म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच वयाचा. तो वर्षभर घरात पडून असतो, पण त्यानं इबिझा पाहिलेलं नाही, एवढं समाधान त्यांना आहे. २०२५ मध्ये पॅरिस जिंकून अल्कराझ पुन्हा इबिझाला गेला आणि तिथून येऊन लंडनची क्वीन्स क्लब स्पर्धा जिंकला, तेव्हा कोष्टकवाले गृहस्थ आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत.

अल्कराझच्या आजोबांनी नातवाला एक मंत्र दिला आहे, तोही इथे सांगणं भाग आहे. स्पॅनिशमध्ये ‘क’नं सुरू होणाऱ्या तीन गोष्टी सामन्यात लागतात: एक डोकं, दुसरं काळीज आणि तिसरा जो अवयव आहे त्याचा उल्लेख या कुटुंबवत्सल वृत्तपत्रात करता येत नाही. नातवानं ती तिन्ही आद्याक्षरं अंगावर गोंदवून घेतली आहेत. आमच्या ओळखीच्या एका प्रशिक्षकानं पालकसभेत हा मंत्र सांगायला घेतला, पहिल्या दोन गुणांवर टाळ्या घेतल्या आणि तिसऱ्यापाशी ‘सातत्य’ म्हणून वेळ मारून नेली.

त्याच पालकसभेतून बाहेर पडलेले वडील तुम्हाला कोणत्याही क्लबाच्या जाळीला चिकटून उभे दिसतील. नऊ वर्षांचा मुलगा फोरहँडचा साधा चेंडू सोडून ड्रॉप शॉट मारतो, चेंडू नेटमध्ये जातो. वडील शेजाऱ्याकडे वळून म्हणतात, ‘कल्पना बघा!’ पुढचाही नेटमध्ये जातो. ‘धाडस बघा!’ तिसरा जातो तेव्हा प्रशिक्षक ओरडतो आणि वडिलांची खात्री पटते, की हा क्लब बदलायला हवा.

चाहत्यांतली पुण्याची मंडळी ‘अल्कराझ एकदा इथे खेळायला हवा होता,’ असं हळहळून म्हणतात. बालेवाडीला २०१८ पासून २०२३ पर्यंत एटीपीची स्पर्धा होत होती, हे त्यांना आठवतं. २०२३ मध्ये मरिन चिलिच येऊन गेला, तेव्हा तुम्ही गेला होता का, असं विचारलं तर उत्तर येतं, की बालेवाडी लांब पडतं हो. ही मंडळी कोथरूडला राहतात. सप्टेंबर २०२५ ची अमेरिकन ओपनची अंतिम लढत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या बंदोबस्तापायी अर्ध्या तासानं लांबली आणि आपल्याकडे मध्यरात्री सुरू झाली, ती याच मंडळींनी चहाचा थर्मास भरून पाहिली. अल्कराझनं सिनरला चार सेटमध्ये हरवलं आणि पहिला क्रमांक परत घेतला. मात्र स्पर्धाभर चर्चा खेळाची कमी आणि डोक्याची जास्त झाली. भावाच्या हातून केस कापायचं मशीन भलतंच फिरल्यामुळे अल्कराझनं डोकं सफाचट केलं होतं. तिआफो या अमेरिकन खेळाडूनं त्याची टिंगल केली. आमच्याकडे दोन इंजिनिअरांनी, केस नसल्यामुळे हवेचा विरोध कमी होऊन धाव वाढते, हे कागदावर गणित मांडून सिद्ध केलं. दोघांच्याही डोक्यावर केस नाहीत आणि दोघंही जिना चढताना मध्ये थांबतात.

सिनरचे चाहते हा वेगळाच वर्ग. इटलीतले काही तरुण त्याच्यासाठी गाजराचा वेश करून गॅलरीत बसतात. अल्कराझवाल्यांना हा प्रकार पोरकट वाटतो. आपली भक्ती विचारपूर्वक आहे, असं ते सांगतात आणि २०२३ च्या विम्बल्डनला घातलेला, तेव्हापासून न धुतलेला टी-शर्ट दाखवतात.

परवा खानदानी गटातल्या, म्हणजे माद्रिदपूर्व, एका ज्येष्ठांना सहज विचारलं, काय म्हणतोय अल्कराझ? त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, ‘ब्राझीलचा जोआओ फोन्सेका पाहिलात का? २००६ चा जन्म. फोरहँड बघा त्याचा, चेंडू दिसत नाही.’

‘आणि अल्कराझ?’

‘चांगला आहे हो. पण त्याची विशी उलटली. आता नुसता अनुभवावर जिंकतोय.’