सिनर्जीला मराठीत काय म्हणतात?

पहाटे साडेपाचला चौफुल्यावर कंपनीच्या बसची वाट बघता बघता शेजारच्या पोरानं मोबाइल माझ्यापुढं धरला. त्याची कंपनी एका परदेशी कंपनीनं घेतलीय. नव्या मालकांनी 'कामगारांच्या भाषेत' पत्र धाडलं होतं. त्यात प्लांटची झाली होती वनस्पती, आणि 'या वनस्पतीत छाटणी होणार नाही' असा भरवसा दिला होता. पोरानं घरी हे वाचून दाखवलं तेव्हा उसात हयात गेलेले त्याचे आजोबा म्हणाले, "छाटणी नसंल, तर तोडणी असंल."

थोरामोठ्यांच्या घरीही हीच चूल. 2021 च्या जानेवारीत फियाट क्रायसलर आणि फ्रान्सची पीएसए एक झाल्या. बारशाला नाव निघालं 'स्टेलांटिस', तेही लॅटिनमधून, ताऱ्यांवरून. फ्रेंच शब्द घेतला तर इटलीवाले रुसणार, इटालियन घेतला तर फ्रान्सवाले. लॅटिन कुणाच्याच घरी बोलत नाहीत, म्हणून एकमत झालं असावं, असा आपला माझा संशय. इकडं रांजणगावात फियाट आणि टाटांच्या भागीदारीतला कारखाना आहे. तिथल्या पोरांना ताऱ्यांशी काय देणंघेणं, त्यांना पगाराची तारीख कळली की झालं.

आमच्या केडगावला खरं तर भाषांतराचा हा विषय शिकवायची गरज नाही. पंडिता रमाबाईंनी इथं, मुक्ती मिशनमध्ये, बायबल मराठीत आणलं. संस्कृतात त्या एवढ्या तयार की कोलकात्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेलं. पण भाषांतराला बसल्या तेव्हा हिब्रू आणि ग्रीक स्वतः शिकल्या, आणि लिहिताना संस्कृत बाजूला ठेवून खेड्यातल्या बाईला समजेल असं मराठी लिहिलं. 1922 मध्ये त्या गेल्या; 1924 मध्ये ग्रंथ बाहेर पडला, तोही इथल्याच छापखान्यातून. म्हणजे अवघड भाषा शिकायची ती पोचवणाऱ्यानं. हल्ली ती शिकायची ती वर्षानुवर्षं ठेकेदाराकडं राबणाऱ्यानं, शिफ्ट सुटल्यावर, स्वतःच्या वेळेत.

पोराच्या साहेबानं मात्र मराठीचा एक शब्द उचललाय. परवा तो लाइनवर आला. जॉब जरासा वाकडा निघाला होता. साहेबानं भुवया उडवल्या. ऑपरेटर मान हलवत म्हणाला, "चालतंय की." मशिन चालू आहे हे ऐकून साहेबाला बरं वाटलं. त्यानं सही केली आणि पुढच्या मशिनपाशी जाऊन स्वतःच विचारलं, "चालतंय?"