दोघांत एक सावली : अरुबाच्या किनाऱ्यावरील निवांतशास्त्र

जोडप्याने सुटीला जाऊन काय काय करावे, यावर आजवर उदंड लेखन झाले आहे. काहीच करायचे नाही असे ठरल्यावर ते कसे पार पाडावे, याकडे मात्र शास्त्रकारांनी सपशेल दुर्लक्ष केले. ती उणीव प्रस्तुत प्रबंध अंशतः भरून काढतो. विषय: निवांतपणा. अधिकारी: लग्नाला पुरेशी वर्षे झाल्याने ज्यांना आता एकमेकांचे फोटो काढायची घाई उरलेली नाही, असे दांपत्य. प्रयोजन: सावलीत पडून राहणे. या तिघांचा परस्परसंबंध पुढे सिद्ध होईल. न झाल्यास वाचकाची एक दुपार तरी बरी जाईल.

१. क्षेत्रनिर्णय

निवांतपणाचा हाडवैरी म्हणजे ‘इतक्या लांब आलोच आहोत तर’ हे वाक्य. कॅरिबियनमधली बरीच बेटे या वाक्याला खतपाणी घालतात. डॉमिनिकाला धबधबे आहेत, सेंट ल्युशियाला समुद्रातून वर आलेले दोन सुळके आहेत. तिथे माणूस पडून राहिला तरी त्याचे मन खात राहते.

अरुबाचे तसे नाही. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवरचे, नेदरलँड्सच्या राज्यात १९८६ पासून स्वतंत्र दर्जा मिळालेले हे बेट सगळे मिळून सुमारे १८० चौरस किलोमीटर. सर्वांत उंच डोंगर हामानोता, उंची १८८ मीटर. चढला नाही म्हणून कोणी हिणवणार नाही. वर्षाचा पाऊस साधारण आपल्या माण तालुक्याइतका, म्हणजे ४५०-५०० मिलिमीटर. त्यामुळे रान निवडुंगाचे आणि पिण्याचे पाणी समुद्राचे, खारेपणा काढून घेतलेले. चक्रीवादळांची नेहमीची वाट बेटाच्या बरीच उत्तरेकडून जाते, तेव्हा तेही निमित्त नाही. पाहायलाच हवा असा एक नैसर्गिक दगडी पूल पूर्व किनाऱ्यावर होता. तो २ सप्टेंबर २००५ रोजी समुद्रात कोसळला आणि निवांतशास्त्राच्या मार्गातला अखेरचा मोठा अडथळा आपोआप दूर झाला.

न्यू जर्सीतून थेट विमानाने साडेचार-पाच तासांत इथे पोचता येते. हिवाळ्यात बर्फ उपसून कंटाळलेली तिथली मराठी जोडपी या वाटेने येतात. प्रस्तुत निरीक्षणे अशाच एका दांपत्याच्या सहवासात, ईगल बीचवर नोंदवली आहेत. त्यांतला पुरुष म्हणजे प्रस्तुत लेखक, आणि सहसंशोधिकेने नाव छापू नये अशी अट घातली आहे.

२. सावलीची गती

किनाऱ्यावर एका खांबावर उभारलेली, गवताने शाकारलेली गोल छत्री असते. तिला पलापा म्हणतात. ही छत्री जमिनीला समांतर असल्यामुळे तिची सावली दिवसभर जवळपास तेवढीच राहते. सावली आटत नाही, सरकते. नवख्या जोडप्याला हे उमगत नाही. सकाळी मांडलेल्या खुर्च्या संध्याकाळपर्यंत चालतील अशा भाबड्या समजुतीवर ते डोळे मिटते.

ईगल बीच पश्चिमाभिमुख आहे. सकाळी सूर्य पाठीशी, म्हणून सावली समुद्राकडे पडते. दुपारनंतर सूर्य समुद्रावर जातो आणि सावली हॉटेलकडे सरकते. म्हणजे सावलीच्या मागे खुर्च्या ओढणारे जोडपे दिवसाकाठी समुद्रापासून दूर आणि बारच्या जवळ जाते. यात जोडप्याचा काही दोष नसून सर्व जबाबदारी पृथ्वीच्या परिवलनावर आहे.

इथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे. बेट ७० अंश पश्चिम रेखांशावर आणि घड्याळ मात्र ६० अंशांचे. त्यामुळे खरी मध्यान्ह साडेबारा-पाऊणच्या सुमारास होते. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात इथेही शून्य सावली दिवस येतो. त्या वेळी छत्रीची सावली बरोबर खांबाभोवती गोळा होते, दोन्ही खुर्च्या खांबाला भिडतात आणि खांब पतिपत्नींच्या मध्ये येतो. संवादास ही वेळ प्रतिकूल आहे.

त्यानंतर तीनेक तासांनी सूर्य ४५ अंशांवर उतरतो. खांब अडीच मीटरचा धरला तर सावलीही अडीच मीटर मागे गेलेली असते, म्हणजे बहुधा शेजाऱ्याच्या अंगणात. मालकी खांबाची की सावलीची, हा प्रश्न इथे उभा राहतो.

३. कब्जाविचार

अरुबाचे किनारे सार्वजनिक आहेत, पण छत्र्या बहुतेक हॉटेलांच्या. कुठे आदल्या दिवशी नाव नोंदवावे लागते, कुठे पहाटे रांग लागते. बाकी सर्वत्र ‘पसरेल त्याची सावली’ हाच कुळकायदा चालतो. मात्र पसरलेल्या प्रत्येक वस्तूचे पुराव्याचे मूल्य सारखे नसते.

टॉवेल हा सर्वांत कच्चा पुरावा, कारण हॉटेलचे सगळे टॉवेल एकाच रंगाचे. पालथे घातलेले पुस्तक मध्यम. दोन तास पान उलटले नाही तर तेही संशयास्पद. वाचायचा चष्मा बळकट, कारण चाळिशी ओलांडलेला माणूस तो सोडून लांब जाऊ शकत नाही. पण या सर्वांवर कडी करणारा पुरावा सहसंशोधिकेच्या पिशवीतून निघाला: चिवड्याचा स्टीलचा डबा, झाकणावर माहेरचे आडनाव आणि लग्नाची तारीख ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली. नाव घातलेले भांडे म्हणजे सातबाराच. दोन खुर्च्यांच्या मध्ये तो डबा चकाकू लागला आणि आजूबाजूची येजा आपोआप वळसा घालून होऊ लागली.

४. वातप्रकरण

ईशान्य-पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे इथे जवळपास बारा महिने वाहतात. बेटावरची झाडे या वाऱ्याने पश्चिमेकडे कायमची वाकली आहेत. वाट चुकलेल्याने झाडाच्या शेंड्याच्या दिशेने चालावे, हॉटेले लागतात, असे इथे सांगतात. ईगल बीचवरच्या ज्या वाकड्या झाडाखाली जो तो फोटो काढून ‘दिवी-दिवी’ म्हणून पाठवतो, ते प्रत्यक्षात फोफोती आहे. आपल्या ऐन-अर्जुन-हिरड्याच्या कुळातले. खरा दिवी-दिवी शंखासुराच्या गोतातला, आणि त्याच्या शेंगा कातडी कमावायला वापरत. झाडाने यावर कधी खुलासा केलेला नाही. निवांत असणे म्हणतात ते हे.

वारा जमिनीकडून समुद्राकडे जात असल्याने इथे उडालेली टोपी परत येत नाही. तिचा पुढचा मुक्काम कोलंबिया, नाहीतर निकाराग्वा. चिवड्याच्या बाबतीत क्रम असा नोंदवला: झाकण उघडताच आधी कढीपत्ता जातो, मग पातळ पोहे, मग खोबऱ्याचे काप. शेंगदाणे शेवटपर्यंत निष्ठावंत राहतात. म्हणून एकाने वाऱ्याकडे पाठ करून आडोसा धरावा आणि दुसऱ्याने खावे. दोघांनी एकाच वेळी खाल्ल्यास दोघांनाही शेंगदाणेच मिळतात.

५. सिद्धान्त

सावली सरकते म्हणून कोणीतरी लक्ष ठेवावे लागते. खुर्ची जाते म्हणून कोणीतरी बसून राहावे लागते. वारा असतो म्हणून कोणीतरी झाकण धरावे लागते. यावरून सिद्ध होते की जोडप्याचा निवांतपणा ही एकत्र करायची गोष्ट नसून पाळीपाळीने घ्यायची आहे: एक झोपतो तेव्हा दुसरा जागलकरी असतो. त्यास आधार म्हणून पुढील संभाषण नोंदवले आहे.

“अहो, पाय उन्हात आले.”
“कोणाचे?”
“तुमचेच. माझे असते तर मी उठले नसते?”

ज्या जोडप्यात जागलीची वाटणी बरोबरीने होते ते परतल्यावर ‘मस्त आराम झाला’ म्हणतात. जिथे होत नाही तिथे एकजणच तसे म्हणतो, आणि दुसऱ्याकडे पाहून म्हणतो.

या नियमाला अपवाद एकच. इथे सूर्य बारा महिने सहा ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो. मग छत्रीचे कामच संपते, सावली राखायची नसते, खुर्चीवर कोणाचा डोळा नसतो आणि दोघेही एकाच वेळी मोकळी होतात. पण उष्णकटिबंधातला संधिप्रकाश तोकडा. वीसेक मिनिटांत काळोख पडतो आणि ‘जेवायला कुठे जायचं?’ हा प्रश्न उपस्थित होतो. सबब, जोडप्याचा संयुक्त निवांतपणा रोज सुमारे वीस मिनिटे.

६. शंका-समाधान

पूर्वपक्ष म्हणेल, एवढी जागल, एवढ्या पाळ्या, तर माणसाने एकट्यानेच का जाऊ नये? अख्खी सावली त्याचीच, अख्खा चिवडाही त्याचाच.

उत्तर असे. सततच्या वाऱ्यामुळे अरुबात ऊन लागल्याचे उन्हात कळत नाही, रात्री पाठ टेकल्यावर कळते. प्रवाळांना अपाय होतो म्हणून ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनवर इथे २०२० पासून बंदी आहे. त्याऐवजी चालणारे झिंकचे मलम घट्ट, पांढरे आणि चांगले चोळल्याशिवाय न पसरणारे. आता प्रत्येक मनुष्याच्या पाठीवर, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध, तळहाताएवढा एक प्रदेश असा आहे की जिथे त्याचा स्वतःचा हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही नाही. तिथे मलम चोळायचे काम स्वतःला जमत नाही आणि परक्याला सांगता येत नाही. विवाहसंस्थेच्या बाजूने आजवर पुष्कळ युक्तिवाद झाले. पूर्वपक्षाला इतका निरुत्तर करणारा दुसरा आमच्या पाहण्यात नाही.