अनुभव घ्या, जेवून जा

तुळशीचं लग्न लागलं, की छोट्या वेडिंग स्टुडिओंच्या इन्स्टाग्रामवर पाटी झळकते. इंटर्न पाहिजेत. शिकण्याची सुवर्णसंधी. स्वतःचा कॅमेरा, लॅपटॉप आणि दुचाकी आवश्यक.

मग स्टुडिओचं काय? बहुधा लोगो.

मानधन विचारलं, तर उत्तर मिळतं, 'अनुभव'. हा अनुभव घेऊन खोलीमालकाकडे जावं आणि म्हणावं, काका, या महिन्याच्या भाड्यात मंगल कार्यालयातल्या प्रकाशयोजनेचा अनुभव ठेवून घ्या. बघा, काय म्हणतात ते. पोराने फारच लावून धरलं, तर स्टुडिओवाला दादा खांद्यावर हात टाकतो. "अरे, तू तर घरातलाच!" घरातल्या माणसाला पगार द्यायची पद्धत आपल्याकडे नाही, हे दादाला पक्कं ठाऊक असतं.

खरं दुखणं तारखांचं आहे. मुहूर्त मोजके, त्यातला रविवारी आलेला सगळ्यांनाच हवा. एका तारखेला तीन ऑर्डरी. नाही म्हणवत नाही, कारण पुढे चातुर्मास आ वासून बसलेला. माणसं आणायची कुठून? फ्रीलान्सर दिवसाचे पैसे मागतो, तेही आगाऊ. इंटर्न फक्त विचारतो, "सर, किती वाजता येऊ?"

झाली पाच जणांची टीम. कोटेशनमध्ये पैसे पाचांचे, वाटायचे तिघांत.

सरकारने काही केलं नाही, असं नाही हं. २०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्राने इंटर्नशिप योजना जाहीर केली, महिना ५,००० रुपये. पण ती देशातल्या अव्वल ५०० कंपन्यांसाठी. त्याच वर्षी राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. आस्थापनेकडे मात्र पीएफ, ईएसआयसी, जीएसटी अशा नोंदण्या हव्यात. आमच्या दादाची आस्थापना म्हणजे दादा, मेहुणा आणि ड्रोन. त्यांतल्या ड्रोनची नोंदणी असेल. असली तर.

आता शिकण्याकडे वळू.

शेवटचं मंगलाष्टक संपत आलंय. अंतरपाट आता दूर होणार, आणि तो एकदाच होतो. कसलेला फोटोग्राफर दोन ओळी आधीच कडेला सरकून उभा असतो, म्हणजे पडद्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोन्ही चेहरे एकाच चौकटीत सापडतात. शटर, आयएसओ वगैरे इंटर्नला यूट्यूबने शिकवलेलं असतं. पण ऐन वेळी नवाकोरा मोबाइल उंचावून मध्ये घुसलेले वरपक्षाचे काका, त्यांचा मान न दुखावता, अक्षता पडायच्या आत अर्धा फूट मागे कसे न्यायचे? हे कुठल्या यूट्यूबवर आहे? धंद्यातली खरी विद्या ही. आणि ती चालू असताना आपला इंटर्न कुठे आहे?

पार्किंगमध्ये. गाडीतली बॅटरी आणायला गेलाय.

एक धडा मात्र तो पहिल्याच लग्नात गिरवतो. "गुरुजी, मंगळसूत्र पुन्हा एकदा!" याचं पॅकेजमधलं नाव कँडिड.

जेवण मिळतं की, म्हणतात. मिळतं. मसालेभात संपल्यावर.

मुलगी इंटर्न असेल, तर तिला जरा जास्त भाव. नवरीच्या खोलीत दादाला मज्जाव, तिला मोकळी वाट. काकूंनी नऊवारीचा काष्टा घट्ट ओढला, चुडा भरताना नवरीने ओठ चावला, आजीने थरथरत्या बोटांनी नथ सरळ केली, हे सगळं टिपणारी ती एकटी. अल्बममधली सगळ्यांत बोलकी पानं तीच असतात. खाली नाव स्टुडिओचं. तेही एक वेळ चालवून घेऊ. पण रिसेप्शन रात्री साडेअकराला आटोपतं, हॉल बायपासच्या पलीकडे, रिक्षा नाही. दादा टेम्पोत लाइट चढवता चढवता विचारतो, "जाशील ना गं नीट?"

लाइट मात्र दारापर्यंत पोचवायचे असतात. भाड्याचे आहेत ना.

वऱ्हाड पांगलं तरी इंटर्न सुटत नाही. कार्डं उतरवा, हजारो फोटोंतून मिटलेले डोळे आणि उघडी तोंडं वेगळी काढा. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नसतं, हे आधी सांगायला कुणाला सवड नसते. नंतर ओरडायला असते.

शिकवायला निवांतपणा लागतो, हे कबूल. तोही मिळतो, आषाढी एकादशीनंतर. करिझ्मा अल्बमची रखडलेली कामं पडलेली असतात, रंग जुळवायचे असतात, उरलेल्या हप्त्यासाठी नवऱ्या मुलाच्या वडिलांना गोडीत फोन करायचे असतात. अख्खा अभ्यासक्रम समोर मांडून ठेवलेला. आणि नेमका तेव्हाच दादा काय म्हणतो?

"आता काम नाही रे. तुळशीच्या लग्नानंतर ये."

इंटर्न तरी कुठे बापुडे? तिसऱ्या लग्नात लाइट धरता धरता नवऱ्याच्या धाकट्या भावाशी ओळख होते. पुढच्या महिन्यात स्वतःचं पान, नावात 'फिल्म्स', आणि निम्म्या दरात त्याच भावाचा साखरपुडा. दादाचा जळफळाट होतो. "आम्ही शिकवलं, आणि आमचीच गिऱ्हाइकं पळवतो!"

शिकवलं? कधी?

मग जुंपते ती फोटोंवरून. आजीच्या नथीचा तो फोटो पोरीने आपल्या पानावर टाकला, की दादाचा निरोप येतो, "डिलीट कर, फोटो स्टुडिओचा आहे." ती म्हणते, बटण मी दाबलं. दोघांनीही १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून पाहिलेला नसतो. पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसला, तर कलम १७ नुसार पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे ना दादा, ना ती.

मालक पैसे मोजणारे नवरीचे वडील. त्यांनी स्टुडिओचा वॉटरमार्क कापून तो फोटो कधीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय, आणि खाली लिहिलंय, 'आमच्या पुतण्याने मोबाइलवर काढलेला.'