आईंची परीक्षा, आमची पंचाईत

अहो वहिनी, मेथीला पाणी नंतर घाला, आधी इकडे कुंपणाशी या. काल रात्री आमच्या ह्यांची तोंडी परीक्षा झाली. घेणाऱ्या कोण? आमच्या सासूबाई!

सांगते ना. आईंचा अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज गेलाय, ठाऊक आहे ना तुम्हाला? आपल्या वेळी बरं होतं बाई. शंभर प्रश्न, त्यातले दहा विचारायचे, सहा आले की सुटलो. आता २०२५ च्या ऑक्टोबरनंतर अर्ज केलेल्यांना १२८ प्रश्नांची तयारी. साहेब विसांपर्यंत विचारणार, बारा यायलाच हवेत. बारा बरोबर आले की तो थांबतो. नऊ चुकले तरी थांबतो!

सवलत? आहे की, पण नुसत्या वयाला कोण विचारतो! त्या कोपऱ्यावरच्या गुजराती आजोबांना मिळाली. पासष्टी उलटलेली आणि ग्रीन कार्डाला वीस वर्षं झालेली. त्यांना नेमून दिलेले वीसच प्रश्न, त्यातले दहा विचारले, तेही गुजरातीतून, दुभाष्या शेजारी बसवून. आमच्या आई अडुसष्टच्या, पण कार्डाला आत्ता कुठे पाच वर्षं होतायत. म्हणजे बोलायचं इंग्रजीत, वाचायचं इंग्रजीत, वर साहेब सांगेल ते वाक्य लिहूनही दाखवायचं.

इंग्रजीला जरा दबकतात त्या. पण विषयाला? छे! साताऱ्याच्या शाळेत जन्मभर नागरिकशास्त्रच शिकवलं की. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ, सगळं तोंडपाठ. वर शेरे मारतात. म्हणे, "ह्यांच्या घटनेला सव्वादोनशेच्या वर वर्षं झाली आणि दुरुस्त्या सत्तावीसच? आपल्या तर पंचाहत्तर वर्षांत १०६ झाल्या!" कणीक तिंबताना एकीकडे सुरू असतं, फेडरलिस्ट पेपर्स लिहिणारे कोण, तर मॅडिसन, हॅमिल्टन, जे... मॅडिसन, हॅमिल्टन, जे... परवा मी म्हटलं, आई, पोळ्या किती करायच्या? तर म्हणाल्या, चारशे पस्तीस! प्रतिनिधीगृहाचे सभासद हो ते.

आणि पुस्तकातलं तेवढंच वाचून गप्प बसतील तर त्या आई कसल्या? ग्रंथालयातून गठ्ठाच आणलाय. तुम्हाला माहीत होतं का, आपल्या ह्या न्यू जर्सीत १७७६ पासून बायका मत देत होत्या म्हणून? सगळ्या नाही, पन्नास पौंडांची मालमत्ता ज्यांच्या स्वतःच्या नावावर, त्या. म्हणजे बहुतेक विधवा आणि बिनलग्नाच्या. आणि १८०७ साली काढून घेतला तो हक्क! मग देशभर मिळायला १९२० उजाडलं. आई हे सांगताना अशा तापल्या होत्या, जणू त्यांचंच नाव यादीतून खोडलंय.

थिंडांचं तर मलाही ठाऊक नव्हतं. भगतसिंग थिंड, पंजाबातले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते. तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तुम्ही गोरे नाही, नागरिक होता येणार नाही. कायदा बदलून आपल्या लोकांना रस्ता मोकळा झाला तो १९४६ साली. आई म्हणाल्या, "एवढं झगडून मिळालंय, आणि तुम्ही पोरं मतदानाच्या रांगेत उभं राहायला कुरकुरता."

फॉर्म भरताना मात्र हसून हसून पुरेवाट. कम्युनिस्ट पक्षात होता का? अट्टल दारुडे होता का? वेळ पडली तर देशासाठी शस्त्र घ्याल का? आईंनी चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाल्या, "गुडघे बदलून देणार असतील तर घेईन."

पासपोर्टाचं निघालं तेव्हा मात्र गप्प झाल्या हो. आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत, भारताचा पासपोर्ट परत करावा लागणार. ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयांचं कार्ड मिळेल, जायला-यायला, राहायला अडचण नाही. पण त्यावर मत नाही देता येत, शेतजमीन विकत नाही घेता येत. जमिनीचं त्यांना काही नाही, मताचं लागलं. एकही निवडणूक चुकवली नाही हो त्यांनी, उन्हातान्हात केंद्रावर ड्युटीसुद्धा केलीय. मग म्हणाल्या, "तिकडचं मत सोडायचं, तर इकडचं वाया घालवायचं नाही."

आणि तिथेच आमचे हे सापडले! आईंनी विचारलं, "शाळा बोर्डाच्या निवडणुकीत कुणाला मत दिलंस?" हे म्हणाले, वेळ कुठे असतो! "बरं, आपले सिनेटर कोण?" एक कोरी बुकर आठवले, दुसऱ्याला खोकला आला. "अँडी किम!" आतून आमचा धाकटा ओरडला. मग काय, प्रश्नामागून प्रश्न. नऊ चुका व्हायला फार वेळ नाही लागला. आई म्हणाल्या, "नापास. तुला कुणी पास केलं रे?"

हसताय काय? शनिवारी संध्याकाळी त्या तुमच्याकडे येणार आहेत, भाऊजींना मतदार नोंदणीचं विचारायला. भाऊजींना म्हणावं, दोन दिवस हातात आहेत, बसा अभ्यासाला!